मदत हवी आहे: लॅम्बर्ट खटल्यासारखा निकाल आपल्याकडे आहे का?
नमस्कार मंडळी, एलएलएमच्या प्रबंधासाठी १९५७ चा लॅम्बर्ट विरुद्ध कॅलिफोर्निया वाचतेय. लॉस एंजेलिसचा शहरी नियम असा, की गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याने शहरात ५ दिवसांहून जास्त राहायचं तर पोलिसांकडे नोंद करायची. नोंद न केल्याबद्दल शिक्षा झालेल्या लॅम्बर्टबाईंचं म्हणणं, नियम ठाऊकच नव्हता. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी शिक्षा रद्द केली. नियम मात्र १९६० पर्यंत तगला! मग कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने तो पाडला, तेही राज्याचा कायदा असताना शहराने त्यात पडू नये म्हणून.

प्रश्न असा: १९५९ च्या बॉम्बे हॅबिच्युअल ऑफेंडर्स अ‍ॅक्टखालच्या सराईत गुन्हेगारांच्या नोंदणीला संविधानाच्या कलम १४ किंवा २१ खाली कुणी आव्हान दिलंय का? पारधी वा इतर विमुक्त जमातींची प्रकरणं असतील तर उत्तमच. निकालाचं नुसतं नाव-साल सांगितलंत तरी चालेल, शोधेन मी.