जुन्या मदरबोर्डमधलं सोनं नक्की काढतं कोण?

लॅमिंग्टनकर
दुकान आवरतोय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला १९९४ पासून कॉम्प्युटर रिपेअरिंग केलं. मुलाला त्यात रस नाही, माझे डोळे आता सोल्डरिंगला साथ देत नाहीत. पोटमाळ्यावरून तीन गोण्या माल निघाला: मदरबोर्ड, रॅम, सिरॅमिकचे जुने प्रोसेसर. साकीनाक्याचा भंगारवाला आला, रॅम बाजूला काढली आणि किलोवर बरा भाव बोलला. ई-कचऱ्याचा परवाना असलेल्या एका कंपनीला फोन केला तर त्यांचा भाव जवळजवळ निम्मा, वर "सर्टिफिकेट देऊ". माल जातो कुठे विचारलं, तर म्हणे बेल्जियमला! झवेरी बाजार इथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. सोनं काढायला बेल्जियम कशाला? आणि या कंपन्या उगवल्या कधी?

विट्याचा_गलाईवाला
दादा, हा प्रश्न मी स्वतःचे हात पोळून घेऊन सोडवलाय.

आमच्या खानापूर-आटपाडीकडे पाऊस कमी, म्हणून घरटी एक तरी माणूस गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला बाहेर. माझ्या चुलत्यांची भट्टी झवेरी बाजारामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. कारागिरांच्या दुकानातला केर, हात धुतलेलं पाणी, पायाखालचं फाटकं तरटसुद्धा विकत घ्यायचे, जाळायचे आणि त्या राखेतून सोनं काढायचे. मराठीत या धंद्याला झारेकरी हा शब्द आहे, तो काय काल आलेला नाही. तेव्हा 'रिसायकलिंग'चं कौतुक मला कोणी सांगू नये.

२००९ साली मला वाटलं, बोर्डांचंही असंच करू. रॅमचे सोनेरी दात कात्रीने कापले, काचेच्या भांड्यात नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकले. तांबं विरघळून पाणी निळं-हिरवं झालं आणि वर सोन्याचे पापुद्रे तरंगायला लागले, अगदी मिठाईवरच्या वर्खासारखे. मी खूश! मग हाव सुटली, अख्खे बोर्ड तोडून टाकले. तिथे फसलो. सोल्डरमधलं कथील नायट्रिकमध्ये विरघळत नाही, त्याचा पांढरा चिखल होतो. गाळणकागद तुंबला, पापुद्रे त्यात अडकले, तांबूस धूर जिन्यात उतरला आणि खालच्या मजल्यावरच्या आजी खोकत वर आल्या. हाती आलं दोन-तीन गुंजा. चुलते एवढंच म्हणाले, "केर ओळखीचा असला तरच भट्टी पेटवावी." उरलेलं पाणी मी कुठे ओतलं ते इथे लिहीत नाही, लाज वाटते.

आता बेल्जियम. तुमचा माल बहुधा अँटवर्पजवळच्या होबोकेनला, उमिकोरच्या भट्टीत जात असेल. ही कंपनी मुळात खाणवाली. १९०६ साली काँगोतल्या कटांगाचं तांबं काढायला 'युनियन मिनिएर' नावाने उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धातल्या अणुबाँबचं युरेनियमसुद्धा बरंचसं तिच्याच शिंकोलोब्वे खाणीतलं. १९६७ च्या सुरुवातीला काँगोच्या मोबुटू सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. १९८९ मध्ये होबोकेनचा जुना धातू-कारखाना तिच्यात आला आणि २००१ मध्ये नाव बदलून उमिकोर झालं. हातची खाण गेल्यावर जगाचा भंगार हीच खाण केली, असं मी समजतो.

तिथे बोर्ड सुटा गाळत नाहीत. शिसं-तांब्याच्या वितळत्या रसात टाकतात, प्लास्टिक जळून जातं, सोनं-चांदी-पॅलेडियम त्या धातूंत उतरतं, मग एकेक वेगळं काढतात. सतरा धातू निघतात. धूर पकडायची यंत्रणा भट्टीएवढीच महत्त्वाची, आणि एवढं करूनही शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडलंय. तिसऱ्या मजल्यावर आपण काय करणार?

भावाचं म्हणाल तर भंगारवाला धुराचे पैसे भरत नाही. शिवाय होबोकेनसारख्या ठिकाणी आधी मालाचा नमुना घेऊन टंच काढतात, म्हणजे त्यात सोनं किती ते तपासतात, त्याच्यावर हिशेब, आणि तो चुकता व्हायला आठवडे जातात. मधे पैसा अडकतो तो कंपनीचा.

डोंबिवलीची_स्मिता
गलाईवाले दादा, वर्खाची उपमा भारी. मी ई-कचऱ्याच्या कागदपत्रांचंच काम करते, म्हणून थोडी भर. आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले वेगळे नियम २०११ चे, लागू झाले मे २०१२ पासून. त्यानंतर परवानावाल्या कंपन्या वाढल्या, पण बऱ्याच नुसतं सुटं करून बोर्ड बाहेर पाठवणाऱ्या. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड किती काढलं यावर प्रमाणपत्रं मिळतात, ती उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या आपली जबाबदारी भागवायला विकत घेतात. त्यामुळे इथेच धातू काढायची खटपट सुरू झालीय. आणि काका, फार स्वप्नं बघू नका: टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने दोन वर्षांत ६२ लाख मोबाइल आणि सुमारे ७९,००० टन उपकरणं गोळा केली, सोनं निघालं ३२ किलो.

लॅमिंग्टनकर
बत्तीस किलो! माझ्या तीन गोण्यांतून बायकोच्या नथीचा मोतीसुद्धा सुटायचा नाही म्हणजे.

दोघांचे आभार. बोर्ड कंपनीला देतो, खोकणाऱ्या आजी आमच्याही चाळीत आहेत. एक पेंटियम प्रो प्रोसेसर मात्र ठेवून घेतलाय. १९९७ मध्ये एका छापखान्याच्या मशीनमधून काढला होता, मालकाने मजुरीऐवजी दिला. हातात जड लागतो अजून.

स्मिताताई, हार्डडिस्क आहेत चाळीसेक. गिऱ्हाइकांचा डेटा आहे त्यात. त्या देण्याआधी भोक पाडू का, की त्याने भाव पडतो?

डोंबिवलीची_स्मिता
बिनधास्त पाडा काका. त्या वजनावरच जातात.