अप्लाइड आर्ट तिसरं वर्ष: पोर्टफोलिओ मराठी अक्षरांवर करू की यूआय-यूएक्सवर (ॲप-वेबसाइटच्या स्क्रीनचं डिझाइन)? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरला बीएफए अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत इंटर्नशिपसाठी पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंना मेल टाकायचेत आणि सगळं पोर्टफोलिओपाशी अडलंय.

घरी इचलकरंजीत आमचा छोटा ऑफसेट प्रेस आहे, पप्पा चालवतात. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. त्यामुळे मात्रा कुठे चिकटते, जोडाक्षर कुठे फुटतं हे लहानपणापासून बघत आलेय आणि मला खरंच तेच काम आवडतं. कमल शेडगेंची नाटकांच्या जाहिरातीतली अक्षरं बघितली की नाव वाचायच्या आधीच नाटकाचा मूड कळतो, हे त्यांनी कसं साधलं असेल यावर मी तासन्‌तास बोलू शकते.

पण सीनियर म्हणतात फिग्मा (स्क्रीन डिझाइनचं सॉफ्टवेअर) शिक, दोन ॲपचं रीडिझाइन टाक, लेटरिंग छंद म्हणून ठेव. त्यांना नोकऱ्या त्यातच लागल्यात त्यामुळे ते उगाच सांगत नाहीयेत हे कळतं मला. तरी रोज दिसतं की पाकीट असो नाहीतर मेनूकार्ड, आधी इंग्रजीत डिझाइन होतं आणि मराठी नंतर कोपऱ्यात बसवतात, ओळींमधलं अंतर इंग्रजीचंच ठेवतात, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. हे नीट करणारं माणूस लागत असेलच ना कुणाला तरी?

माझ्याकडे सध्या कोल्हापुरी गुळाच्या बॉक्सचं पॅकेजिंग आहे (मराठी नाव मोठं, इंग्रजी खाली), एका दिवाळी अंकाचा लेआउट आहे आणि बरंच हाताने केलेलं लेटरिंग. एवढ्यावर स्टुडिओवाले बोलावतील का? डिग्री झाल्यावर लगेच सीड (डिझाइनच्या मास्टर्सची प्रवेश परीक्षा) द्यावी की आधी नोकरी? टाइप डिझाइनसाठी मॅक लागतोच का, माझा विंडोजचा लॅपटॉप आहे. आणि इनडिझाइनमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर) युनिकोड मराठी टाकलं की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते, प्रेसमध्ये श्रीलिपी (मराठी टाइप करायचं वेगळं सॉफ्टवेअर) वापरतात म्हणून तिथे कुणाला विचारता येत नाही.

– वेलांटी

कागदवाला:
वेलांटी, आधी सोपं सांगतो. पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत जाऊन ॲडोब वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवड, वेलांटी आणि जोडाक्षरं जागेवर येतील. फोटोशॉपचं जुनं व्हर्जन असेल तर प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट असायचं ते चालू कर.

मी पुण्यात पॅकेजिंगचं काम करतो, इंटर्नचे पोर्टफोलिओ माझ्याकडे येतात. गुळाचा बॉक्स सगळ्यात पुढे ठेव. पण नुसता कंप्युटरवरचा मॉकअप नको, घरी प्रेस आहे तर खरा बॉक्स छाप, घडी घाल, दुकानातल्या फळीवर ठेवून फोटो काढ आणि शेजारी कच्ची स्केचेस दाखव, नाव असं का काढलं ते दोन ओळीत लिही. प्रोजेक्ट ५-६ पुरे, पीडीएफ हलकी ठेव, मोठी फाइल लोक उघडतच नाहीत. सीनियरचं पण थोडं ऐक, एक स्क्रीनचं काम घाल पण मराठीतलं. एसटीचं तिकीट काढायची स्क्रीन मराठीत नीट कर, बटणावर लांब शब्द मावत नाही तेव्हा काय केलंस ते दाखव. हा प्रश्न आम्हाला कामात सारखा येतो आणि त्यावर विचार केलेली मुलं फार कमी भेटतात.

तिरकी रेघ:
सीडबद्दल. परीक्षा आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत असते. पार्ट ए कंप्युटरवर, पार्ट बी मध्ये हाताने ड्रॉइंग. शेवटच्या वर्षाची मुलंही बसू शकतात आणि वयाची किंवा प्रयत्नांची अट नाही, म्हणून घाई करू नकोस. माझं मत विचारशील तर वर्षभर नोकरी कर मग दे, काय शिकायचंय ते जास्त स्पष्ट होतं.

ग्लिफ्स हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं. विंडोजवर फॉन्टफोर्ज आहे, फुकट आहे. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या स्टुडिओचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट ओपन सोर्स आहेत, त्यांच्या फाइली उघडून मात्रा अक्षराला कुठे जोडल्यात ते बघ. एकदम पूर्ण फॉन्टच्या मागे लागू नको, देवनागरीत जोडाक्षरं धरून शेकडो आकार होतात. आधी व, क, र, ह, ळ अशी थोडी अक्षरं आणि त्यांच्या मात्रा काढ, आणि त्यातूनच खरे शब्द लावून बघ. अक्षरं सुटी चांगली दिसतात आणि शब्दात आली की वजन बिघडतं, ते तिथेच पकडता येतं.

वेलांटी:
दादा, वेलांटी जागेवर आली!! खूप खूप आभार दोघांचे. पप्पा ३०० जीएसएमच्या जाड कार्डवर बॉक्स काढून देतो म्हणाले, डाय कटिंग (बॉक्सच्या आकारात कापणं) ओळखीत करून घेऊ. एकच राहिलं, स्टायपेंडचं पहिल्याच मेलमध्ये विचारायचं का?

कागदवाला:
पहिल्या मेलमध्ये नको, बोलावलं की विचार, पण विचारायचंच. तुला पुण्यात राहायचा खर्च आहे. आणि टेस्ट म्हणून क्लायंटचं चालू काम फुकटात करून मागितलं तर सरळ नाही म्हण.