रोज चालूनही आईला जमिनीवरून उठता येत नाही, काय करावं?

जास्वंद:
आईचं वय ७२, वजन ५५ किलो, शाकाहारी. रोज पाऊण तास चालते, तरी खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात आणि जमिनीवर बसणं बंदच झालंय. गुडघे दुखत नाहीत, व्यायामाला डॉक्टरांची हरकत नाही. चालणं वाढवावं का?

फिजिओ_अनुराधा:
चालणं आहे तेवढं राहू द्या, ते वाढवून हे सुटणार नाही. सपाट रस्त्यावर मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंवर फारसा भार येत नाही. उठताना मात्र सगळं वजन तेच उचलतात.

आधी मोजा. साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा, हातांची छातीवर घडी, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते पाहा. ७० ते ७४ वयाच्या बायकांमध्ये १० पेक्षा कमी म्हणजे पाय कमजोर, पडण्याचा धोका जास्त. हात टेकावा लागला तर शून्य धरतात.

मग बैठकीवर चादरींच्या घड्या ठेवून, हात न लावता उठता येईल इतकी उंची करा. ८ ते १० वेळा ऊठबस, अशा दोन फेऱ्या, एक दिवसाआड. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकायचं, मग उठायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं: पाय पुढे आणि पाठ ताठ राहिली की भार मागेच राहतो, माणूस परत खुर्चीत पडतो. बसताना धपकन नको, तीन अंक मोजत. श्वास रोखला की रक्तदाब चढतो, म्हणून आकडे मोठ्याने मोजायला लावा. सहज जमू लागलं की एक घडी काढा. उंची कमी करत गेलात तरच ताकद वाढेल.

मूगडाळ:
सोबत प्रथिनंही बघा. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे आईंना दिवसाला ५५ ते ६६. पातळ वरणातून ती भागत नाहीत. ५० ग्रॅम कोरड्या डाळीत ११-१२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांत १५. नाश्त्याला पोह्यांऐवजी मुगाची धिरडी आणि दही द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

जास्वंद:
आभार! आणि जमिनीवरून उठायचं कसं? एकटी असताना पडली तर, याचीच जास्त भीती वाटते.

फिजिओ_अनुराधा:
कुशीवर वळायचं, कोपरावर रेटा देऊन उठायचं, मग हात-गुडघ्यांवर यायचं. रांगत जड खुर्चीपाशी जाऊन दोन्ही हात बैठकीवर. बळकट पायाचं पाऊल पुढे रोवायचं, हात-पाय एकदम रेटून वर यायचं आणि वळून खुर्चीत बसायचं. गुडघ्याखाली गोधडी घाला, पहिल्यांदा कोणीतरी जवळ थांबा. प्लॅस्टिकची खुर्ची नको, ती सरकते. पडल्यावर कंबर किंवा जांघ जोरात दुखत असेल तर उठायचा प्रयत्न करू नये, हाक मारावी; त्यासाठी फोन कमरेच्या पिशवीत असू द्या.


उठल्यावर चक्कर येत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.