काळ्या मातीवरचं काँक्रीट दर मोसमात हलतंय

प्रश्न: पार्किंगचं १०० मिमी काँक्रीट ओतून दोन वर्षं झाली. खाली काळी चिकणमाती. उन्हाळ्यात कडा खचतात, पावसात त्याच उचलतात आणि फाटक अडकतं. ठेकेदार म्हणतो, वरून अजून ५० मिमी ओतू. पटत नाहीये.

उत्तर १: ओतू नका, भेगा वर येतीलच. या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं, सुकलं की आकसतं. मधली माती झाकलेली असते, कडांचा ओलावा मात्र सतत बदलतो. मी साइटवर आधी पाणी शोधतो, काँक्रीट नंतर बघतो. छताचा पाइप कुठे सुटतो?

प्रश्नकर्ता: बरोब्बर त्याच कोपऱ्यात. बघून लाजच वाटली.

उत्तर १: मग तो आधी लांब न्या. एक मोसम थांबा. तरीही हललं तर तोडून माती काढा, न फुगणारा मुरूम १५० मिमीच्या थरांत ठोकून भरा. वाळू नको, तिच्यात पाणी साचतं आणि खालची माती ते पीत बसते. सांधे अडीच-तीन मीटरवर कापा, भिंतीपाशी स्लॅब सुटा ठेवा. लोखंडी जाळी कव्हर ब्लॉकवर (तिला जमिनीपासून उचलून धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांवर) हवी, जमिनीवर लोळणारी जाळी कुचकामी.

उत्तर २: कुणी चुना मिसळायला सांगेल. उपाय चांगला आहे, पण मातीतलं सल्फेट आधी तपासा. एका गोदामाच्या फरशीखाली आम्ही न तपासता चुना घातला. माती उलट जास्त फुगली, सगळं उकरावं लागलं.