कंपन्या आहेत, तरी देणग्या का लागतात

वर कोणीतरी विचारलंय, 'औषध कंपन्यांकडे एवढा पैसा असताना पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारावरच्या संशोधनाला लोकांनी देणग्या कशाला द्यायच्या?' अँब्रॉक्सॉलचं उदाहरण घ्या. हो, तेच, आपल्या कफ सिरपमधलं. त्याने पेशीतला कचरा साफ करणाऱ्या एका एन्झाइमचं काम वाढतं. हे औषध मेंदूपर्यंत पोचतं, हे लंडनच्या छोट्या चाचणीत २०२० साली दिसलं. पण औषध जुनं, स्वस्त, पेटंट संपलेलं. त्यात कंपनीला काय मिळणार? म्हणून तिसऱ्या, म्हणजे मोठ्या आणि निर्णायक टप्प्याच्या चाचणीमागे 'क्युअर पार्किन्सन्स' ही ब्रिटिश धर्मादाय संस्था उभी आहे. (घरातली बाटली मात्र उघडू नका. चाचणीतला डोस खोकल्याच्या डोसाच्या कितीतरी पट आहे.)

पैसे बुडूही शकतात. मधुमेहावरच्या एक्झेनाटाइड या औषधाने २०१७ च्या चाचणीत ६० रुग्णांवर आशा दाखवली होती. पुढे १९४ रुग्णांची ९६ आठवड्यांची चाचणी झाली, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं प्लासिबो (औषध नसलेलं इंजेक्शन). फायदा शून्य. मी तरी हे पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, नाहीतर लोक अजून ती इंजेक्शनं घेत बसले असते.

पार्किन्सन्स असलेल्या माझ्या बाबांची मुख्य गोळी आजही लेव्होडोपाच, १९६० च्या दशकातली. तिचा असर उतरला की शर्टाचं एक बटण लावायला दहा मिनिटं जातात, आणि आम्ही मदत करायला गेलो की चिडतात. शिवाय ती लक्षणं आवरते, आजार थांबवत नाही. तो थांबवणारं औषध अजून एकही नाही.