मायक्रोफायनान्स संस्थेचा तीन वर्षांचा आराखडा : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न
विदर्भातली छोटी एनबीएफसी-एमएफआय (गरीब घरांना छोटी कर्जं देणारी बिगर-बँक वित्तसंस्था) आहे. येणे कर्ज (ग्राहकांकडून यायची बाकी) ४० कोटी, स्वनिधी (संस्थेचं स्वतःचं भांडवल) ८ कोटी, ग्राहकामागे सरासरी बाकी ३० हजार. संचालक मंडळाला तीन वर्षांत ८० कोटी हवेत. आत्ता फक्त शाखावार वाटपाची उद्दिष्टं पाडली आहेत. आणखी काय लागेल?

उत्तर १ : ताळेबंदवाला
उद्दिष्टं बाजूला ठेवा, आधी भांडवल मोजा. भांडवल पर्याप्तता (दिलेल्या कर्जाच्या तुलनेत स्वतःचं भांडवल) किमान १५ टक्के हवी, म्हणजे ८ कोटींवर कमाल ५३ कोटींच्या आसपास कर्ज उभं राहतं. ८० कोटींना किमान १२ कोटी लागतील. आणि काठावरच्या संस्थेला कर्ज देताना बँका हात आखडता घेतात, म्हणून १८ टक्के, म्हणजे साडेचौदा कोटी धरा. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३१ मार्च २०२७ पर्यंत स्वनिधी १० कोटींवर न्यायचाच आहे. नफ्यातून किती येईल आणि बाहेरून किती, हे आराखड्याचं पहिलं पान.
बँकेची बीसी (बँकेच्या वतीने काम करणारी प्रतिनिधी) म्हणून वाटप केलं तर कर्ज बँकेच्या खात्यावर राहतं, पण पहिल्या तोट्याची हमी (बुडालेल्या कर्जाचा ठरलेला पहिला भाग आपण सोसू) दिलीत की तिथेही भांडवल अडकतं.

उत्तर २ : केंद्रबैठक
मला माणसांची जास्त काळजी वाटते. ४० कोटी म्हणजे साधारण १३,३०० ग्राहक. एका फील्ड ऑफिसरकडे ४०० धरले तर ३३ जण. दुप्पट केलंत तर ६७. वीस-वीस बायकांची २० केंद्रं (एकत्र बैठकीत हप्ते भरणारे गट), पंधरवड्याची बैठक, म्हणजे रोज दोन केंद्रं. त्यावर लादलंत की घरभेट सुटते आणि उत्पन्नाचा अंदाज टेबलावर बसून लिहिला जातो.
तो अंदाज चुकला की सगळं चुकतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत हवेत. १५ हजार उत्पन्न आणि आधीचे हप्ते ५,२०० असतील तर तुमचा हप्ता २,३०० च्या वर जाता कामा नये. नवऱ्याचं पीककर्ज दरमहा फेडायचं नसतं म्हणून इथे हमखास विसरलं जातं. सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीच्या सुमारास यायला लागतो. ऑगस्ट-सप्टेंबरची वसुली वेगळी धरा.

उत्तर ३ : तपासनीस
वाढीच्या काळात थकबाकीची टक्केवारी फसवते. ४० कोटींत २ कोटी थकीत म्हणजे ५ टक्के. तेच २ कोटी ८० कोटींत अडीच टक्के दिसतात, कारण नवं कर्ज थकायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून ज्या महिन्यात वाटप झालं त्या महिन्यानुसार तक्ता करा. वाटपानंतरच्या सहाव्या महिन्याला जानेवारीच्या वाटपापेक्षा एप्रिलचं वाटप जास्त थकलं असेल तर त्या शाखेतलं नवं वाटप थांबवा.
एका जिल्ह्यात किती टक्के कर्ज, याची मर्यादाही आत्ताच ठरवा. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र प्रदेशात मायक्रोफायनान्स संस्थांवर निर्बंध घालणारा वटहुकूम निघाला आणि वसुली ठप्प झाली, तेव्हा त्याच राज्यावर विसंबलेल्या संस्थांना बँकांचे हप्ते भरणंही जमेना. किमान तीन महिन्यांचे बँक हप्ते भागतील एवढी रोकड राखा.