मदत हवी आहे: नवजात बाळाचा पी८३.१ कोड क्यूएने (काम तपासणाऱ्या ऑडिटरने) उडवला, रिबटल (लेखी हरकत) आजच द्यायचंय

सायली_कोडिंग
अमेरिकेतल्या हॉस्पिटलचे चार्ट करते, म्हणजे त्यातल्या निदानांना आयसीडी-१०-सीएमचे कोड देते. बाळाला एरिथेमा टॉक्सिकम (नवजातांना येणारं निरुपद्रवी पुरळ), मी त्याचा कोड पी८३.१ दिला. क्यूएने ‘क्लिनिकली सिग्निफिकंट नाही’ म्हणून काढला आणि एरर मारली. टीएल (टीम लीड) म्हणतो सोडून दे. का सोडू? निदान डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय, आणि असाच कोड मागे दुसऱ्या ऑडिटरने पास केलाय. संध्याकाळपर्यंत रिबटल गेलं नाही तर स्कोअर फ्रीझ होतो. गाइडलाइनमधला नेमका कोणता मुद्दा टाकू? प्लीज लवकर सांगा.

नेरूळकर
जन्माचंच अ‍ॅडमिशन आहे की घरी नेऊन परत आणलंय? फॅसिलिटी (हॉस्पिटलचं बिल) की प्रोफी (डॉक्टरांचं बिल)? नोटमध्ये शब्द काय आहेत? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सायली_कोडिंग
जन्माचंच. फॅसिलिटी, इनपेशंट. सिझेरियन, त्यामुळे पहिला कोड झेड३८.०१, त्यावर वाद नाही. पी८३.१ चं बोला ना.

सदाशिव_सीपीसी
बिनधास्त द्या. डॉक्टरांनी लिहिलं की कोड लागला. मी वर्षानुवर्षं नवजातच करतोय, यावर मला एरर आलेली नाही.

नेरूळकर
सदाशिवदादा, असं सरसकट नाही सांगता येत. आयसीडी-१०-सीएमच्या प्रकरण १६ ची (नवजातांच्या आजारांची) गाइडलाइन उघडा. नवजाताच्या नेहमीच्या तपासणीत आढळलेली गोष्ट कोड करायची असेल तर तिचं क्लिनिकल मूल्यमापन, उपचार, निदानासाठी चाचणी, वाढलेला मुक्काम, वाढलेली नर्सिंग देखरेख यांपैकी काहीतरी लागतं. किंवा पुढे बाळाला त्यासाठी वैद्यकीय सेवा लागेल असं डॉक्टरांनी म्हटलेलं लागतं. हा शेवटचा निकष फक्त नवजातांसाठी आहे. एरिथेमा टॉक्सिकम दिवसभरात कितीतरी बाळांना दिसतं आणि आपोआप जातं. ‘पुरळ आहे, निरुपद्रवी, पालकांना समजावलं’ एवढीच नोट असेल तर क्यूए बरोबर आहे.

सदाशिव_सीपीसी
समजावलं म्हणजे आधी पाहिलं ना? पाहून, ठरवून मगच निरुपद्रवी म्हटलं. यालाच मूल्यमापन म्हणतात.

नेरूळकर
मग डोक्यापासून पायापर्यंतच्या तपासणीत दिसलेला प्रत्येक ठिपका कोड करा. निकष कशाला लिहिलेत मग?

ओवीची_आई
मध्येच विचारते, माफ करा. माझी मुलगी ४ दिवसांची आहे. पोटावर लाल चट्टे, मध्ये पांढरट पुळी. हेच असेल का? सासूबाई डाळीच्या पिठाने अंग चोळू म्हणतायत.

एनआयसीयू_सिस्टर
ओवीची आई, पीठ, हळद काहीही चोळू नका, कोवळी त्वचा सोलवटते. असे चट्टे बहुतेकदा पहिल्या २-३ दिवसांत येतात आणि आठवडाभरात जातात, पण फोटोवरून किंवा वर्णनावरून मी हो म्हणणार नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंग गरम लागतंय, बाळ दूध ओढत नाही, मलूल आहे, किंवा फोड मोठे होऊन फुटतायत, यातलं काहीही असेल तर आत्ता निघा.

सायली, पुळ्यांत पांढरं दिसत असेल तर डॉक्टर कधी कधी स्टॅफ (जिवाणूचं) इन्फेक्शन नाही ना याची खात्री करतात. ऑर्डर्स आणि लॅब पाहिलेस का?

सायली_कोडिंग
हो, ते आहे चार्टमध्ये. दुसऱ्या दिवशीची नोट: छातीवर आणि पोटावर पुळ्या, तळहात-तळपाय मोकळे, स्टॅफ नाही याची खात्री करण्यासाठी एका पुळीचा स्मीअर आणि कल्चर. स्मीअरमध्ये इओसिनोफिल्स (या पुरळात दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी), कल्चर निगेटिव्ह. डिस्चार्ज समरीत एरिथेमा टॉक्सिकम. निदान लिहिलंय म्हटल्यावर बाकी कशाला लागतं?

नेरूळकर
अहो ताई, त्या बाकीच्यातच तुमचं रिबटल आहे! डॉक्टरांनी पुळ्यांचं वर्णन केलं, शंका घेतली, चाचणी मागवली, निकाल पाहून निदान पक्कं केलं. दोन निकष सरळ बसतात. नोटची तारीख, ऑर्डर आणि डिस्चार्ज समरीतलं वाक्य जसंच्या तसं द्या. निदान लॅब रिपोर्टवरून तुम्ही काढलेलं नाही, डॉक्टरांचं आहे, हेही लिहा. मागच्या ऑडिटरने पास केला होता, ते मात्र गाळा. त्याने काही सिद्ध होत नाही.

विदर्भ_एक्स्प्रेस
झेड०५.१ पण जोडा की. इन्फेक्शनची शंका होती, ती फिटली.

नेरूळकर
नको. झेड०५ लक्षणं नसलेल्या बाळासाठी आहे. इथे पुळ्या दिसत होत्या आणि त्यांचं निदानही झालं. जोडलात तर दुसरी एरर ओढवून घ्याल.

सदाशिव_सीपीसी
म्हणजे कोड बरोबरच होता. मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.

बीफार्म_फ्रेशर
सर, नवजातांचे चार्ट फ्रेशरला मिळतात का? पुण्यात सीपीसीचा (कोडिंगच्या सर्टिफिकेटचा) चांगला क्लास कोणता?

एनआयसीयू_सिस्टर
वेगळा धागा काढ बाळा. कोडिंगवाल्यांना एक मनापासून विचारते. पाठीवरचे, कुल्ल्यावरचे जन्मजात निळसर डाग आम्ही नर्सिंग नोटमध्ये आकार आणि जागेसह लिहितो, कारण पुढे कुणी ते मारहाणीचे वळ समजू शकतं. तुम्ही ते घेता का?

नेरूळकर
सिस्टर, निदान डॉक्टरांचंच लागतं, नुसत्या नर्सिंग नोटवरून आम्हाला कोड देता येत नाही. पण तुमची नोंद फार मोलाची आहे. डॉक्टरांच्या नोटमध्येही हे डाग यावेत म्हणून राउंडला त्यांना जरूर दाखवा.

सायली_कोडिंग
रिबटल पाठवलं, तारखांसकट. आता टीएल विचारतोय, नोटमध्ये नुसतं ‘रॅश’ असेल आणि स्वॅब घेतलेला असेल तर थेट पी८३.१ द्यायचा का?

नेरूळकर
नाही. डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) करा. ‘एरिथेमा टॉक्सिकम आहे ना?’ असं विचारू नका, ती लीडिंग (उत्तर सुचवणारी) क्वेरी झाली. वर्णन आणि लॅबचा निकाल मांडा आणि या पुरळाचं निदान काय ते नोंदवावं, एवढंच विचारा. पर्याय देणार असाल तर एकाहून जास्त द्या, आणि ‘इतर’ व ‘सांगता येत नाही’ हे दोन्ही ठेवा.